जुनी गाडी घेताना ती नावावर कशी करायची: पात्रता, कागदपत्रं आणि आरटीओची प्रक्रिया

उदगीरहून पुण्यात नोकरीला आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी एक जुनी वॅगन-आर घेतली. पैसे दिले, किल्ली घेतली, नारळ फोडला, सोसायटीत पेढे वाटले. ती गाडी माझ्या नावावर व्हायला त्यानंतर साडेचार महिने गेले. गाडी ठणठणीत होती. अडलं होतं ते आरसी बुकवर. विक्रेत्या काकांचं कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण आरसीवरचा बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवायचा राहून गेला होता. बँकेने पत्र दिलं तोवर काका मुलाकडे परगावी गेलेले, आणि ते परत आले तोवर पत्राची मुदत संपलेली. तेवढे सगळे दिवस मी रोज दुसऱ्याच्या नावावरची गाडी चाकणला नेत होतो. तेव्हा कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं जे जे वाटलं, ते इथे लिहितो.

शहरात नवीन आलेला माणूस बहुतेक वेळा दोन-तीन लाखांच्या आतली गाडी बघतो, आणि सगळं लक्ष इंजिन, टायर आणि पत्र्यावर देतो. ते बघायलाच हवं, त्यासाठी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. पण इंजिनाचं काम पैसे देऊन होतं. अडकलेला कागद पैसे देऊनही लवकर सुटत नाही.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० मध्ये दोघांवरही जबाबदारी टाकली आहे. गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, राज्याबाहेर विकली असेल तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. स्टॅम्प पेपरवर केलेला करारनामा जवळ असावा, पण त्याने गाडी नावावर होत नाही.

विकणाऱ्यालाही हे सांगा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच. गाडी हातोहात पुढे चार जणांकडे गेली आणि अपघात झाला, तरी नुकसानभरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच धरलं जातं. हे समजलं की टाळाटाळ करणारा विक्रेता स्वतःहून कागदांसाठी फोन करू लागतो.

कोण घेऊ शकतं

गाडी नावावर करायला ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही, ते चालवायला लागतं. महाराष्ट्रातलं अधिवास प्रमाणपत्रही लागत नाही. लागतो तो पत्ता. तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता आणि गाडी जिथे एरवी उभी असते, त्या पत्त्यावर नोंदणी करायची असा नियम आहे. म्हणजे गावाकडच्या आधार कार्डावर गाडी गावाकडच्या पत्त्यावर होईल, पुण्याच्या नाही.

भाड्याने राहणारे इथेच अडतात. वीजबिल घरमालकाच्या नावाचं, आधारवर गावचा पत्ता. यावर सरळ मार्ग म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि तो करार दाखवून आधारवरचा पत्ता बदलता येतो. गाडी बघायला लागायच्या आधी हे काम करून ठेवा. आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे ना, तेही बघा, कारण पुढचे ओटीपी त्यावर येतात. पॅन कार्ड हवं. नसेल तर पॅन नसल्याचं घोषणापत्र भरावं लागतं.

टोकन देण्याआधी

एम-परिवहन अॅपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका. दोन मिनिटांत बरंच कळतं: नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, नोंदणीची मुदत कधीपर्यंत, वित्तपुरवठादाराचं नाव आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का. ‘फर्स्ट ओनर आहे’ असं तोंडी सांगितलेलं तिथे पडताळता येतं. वित्तपुरवठादाराच्या रकान्यात बँकेचं नाव दिसलं की तिथेच थांबा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवण्याचा अर्ज, आधी मागा. या पत्राला बहुतेक बँका तीन महिन्यांचीच मुदत देतात. माझं घोडं याच तारखेवर अडलं होतं. फॉर्म ३५ हातात असल्याशिवाय टोकनच्या पलीकडे एक रुपयाही देऊ नका, विक्रेता कितीही चांगला माणूस असो. माझे काका फार चांगले होते.

ई-चलनं वेगळी तपासा. चलन गाडीच्या नंबरवर चढतं, मालक बदलला म्हणून जात नाही. थकलेली रक्कम मोठी असेल तर विक्रेत्याने आपल्यासमोर भरावी, नाहीतर किमतीतून वळती करावी.

स्वस्त गाडीच्या बाबतीत वय फार महत्त्वाचं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. एप्रिल २०२२ पासून १५ ते २० वर्षांच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं आहे, त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर द्यावा लागतो, आणि फिटनेससाठी गाडीवर करावा लागणारा खर्च निराळा. साडेचौदा वर्षांची गाडी ऐंशी हजारांत मिळते तेव्हा हा सगळा हिशोब त्यात धरा.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली असावी. चारचाकीसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. ती नसेल तर आरटीओतलं नाव बदलण्याचं काम अडतं. सीएनजी असेल तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी लिहिलंय का ते पाहा. बाहेरून किट बसवून नोंद न केलेल्या गाड्या सर्रास विकल्या जातात, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न त्यावरच विचारते. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचं प्रमाणपत्र मागून घ्या.

कागदपत्रं

विक्रेत्याकडून मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, त्याच्या ओळखपत्राची आणि पॅनची प्रत घ्या. बोजा असेल तर वर सांगितलेला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. तुमच्याकडून पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो. दोघांच्या सह्यांचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, ज्यांना आरटीओच्या बाहेर सगळे टीटीओचे (ट्रान्सफर ऑफ ओनरशिपचे) फॉर्म म्हणतात. फॉर्म २९ म्हणजे मालकी दिल्याची सूचना, त्याच्या दोन प्रती करा. फॉर्म ३० हा हस्तांतरणाचा अर्ज, त्यात विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा भाग वेगवेगळा आहे. तुम्ही कर्ज काढून गाडी घेत असाल तर त्यात बोजा चढवण्याचा फॉर्म ३४ वाढतो.

कोऱ्या फॉर्मवर सही करून देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ती स्वीकारू नका. तारीख, नाव, पत्ता सगळं भरून मगच दोघांनी सह्या करा.

यासोबत एक ताबा पावती करा, साध्या कागदावर चालते. अमुक तारखेला, अमुक वाजता, मीटरवर इतके किलोमीटर असताना गाडी दिली. तोपर्यंतची चलनं आणि जबाबदारी विकणाऱ्याची, पुढची घेणाऱ्याची. दोघांच्या सह्या. दोन महिन्यांनी एखादं जुनं चलन उगवलं की हीच पावती कामाला येते.

अर्ज

परिवहनच्या संकेतस्थळावर वाहनविषयक सेवांमध्ये जाऊन गाडीचा नंबर आणि चॅसी क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, मालकी हस्तांतरण निवडायचं, नव्या मालकाची माहिती आणि विम्याचा तपशील भरायचा, शुल्क भरायचं. खासगी मोटारीसाठी हस्तांतरणाचं मूळ शुल्क ३०० रुपये आणि आरसीच्या स्मार्ट कार्डाचे २००. कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर आणखी १,५००. एजंट पाच-सहा हजार मागतो तेव्हा त्यातलं सरकारी किती, हे यावरून कळेल. वेळ नसेल तर एजंट जरूर करा, पण शुल्काची पावती स्वतःकडे मागून घ्या.

आधारच्या ओटीपीशिवाय एक ओटीपी गाडीच्या नोंदीतल्या मोबाइलवरही जातो. जुन्या गाड्यांच्या नोंदीत कित्येकदा विक्रेत्याचा बंद पडलेला नंबर, नाहीतर शोरूमच्या माणसाचा नंबर असतो. तो आधी बदलून घ्यावा लागतो, आणि हे काम विक्रेता समोर बसलेला असतानाच होतं. म्हणून शक्यतो व्यवहाराच्या दिवशीच दोघांनी मिळून अर्ज भरा, आणि उरलेले पैसे शुल्काची पावती निघाल्यावर द्या.

कागदांवर चॅसी क्रमांकाचा ठसा लागतो. माझ्या गाडीचा काकांनीच काढून दाखवला. बॉनेट उघडलं, मागच्या पत्र्यावरची तेलकट धूळ फडक्याने पुसली, त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हळूहळू घासली. एकेक अक्षर पांढरं उमटत गेलं. हा ठसा आरसीवरच्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळवा. अक्षरं वेडीवाकडी, खरवडलेली किंवा वेल्डिंग केल्यासारखी वाटली तर गाडी सोडून द्या.

दुसऱ्या राज्याची गाडी

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात. त्यासाठी मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतं. महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो आणि नंबरही नवा घ्यावा लागतो. आधीच्या राज्यातल्या कराचा परतावा मूळ मालकाच्या मदतीशिवाय मिळवणं अवघड. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याने या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्यातल्या राज्यात मात्र फार ओढाताण नाही. लातूरची एमएच-२४ पासिंगची गाडी पुण्यात नावावर झाली तरी नंबर तोच राहतो.

मालक वारला असेल आणि वारस गाडी विकत असतील, तर गाडी आधी वारसाच्या नावावर होऊ द्या. त्यासाठी फॉर्म ३१ असतो.

डीलरकडून घेत असाल तर

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी मधून ऑनलाइन जाते, आणि त्यानंतर त्या गाडीसाठी डीलरच मालकासारखा जबाबदार धरला जातो. दुकानात गेल्यावर या दोन गोष्टी विचारा: अधिकारपत्र दाखवा, आणि या गाडीची २९-सी झाली आहे का. उत्तर गुळमुळीत आलं की बाहेर पडा.

विमा आणि नंतरची कामं

गाडी विकली की थर्ड पार्टी विमा गाडीसोबत आपोआप येतो. तुमच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण तसं येत नाही. १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो त्याच्याकडेच राहतो, म्हणून त्या सवलतीच्या फरकाची रक्कम कंपनी तुमच्याकडून घेते. ती आधीच खर्चात धरा. विक्रेत्याचा फास्टॅग त्याला बंद करायला लावा आणि स्वतःचा नवीन घ्या.

आरसीवर नॉमिनी म्हणून एका व्यक्तीचं नाव लावण्याची सोयही २०२१ पासून आहे. हस्तांतरणासोबतच ते नाव घालून टाका.

स्मार्ट कार्ड पोस्टाने येतं, अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर. भाड्याच्या घराच्या दारावर पाटी घरमालकाच्या नावाची असते आणि पोस्टमन कार्ड परत घेऊन जातो. अर्जात ‘द्वारा’ लिहून घरमालकाचं नाव आणि फ्लॅट नंबर घाला, वॉचमनला सांगून ठेवा. कार्ड हातात आलं की नावाचं स्पेलिंग, चॅसी क्रमांक आणि वित्तपुरवठादाराचा रकाना लगेच वाचा. माझ्या कार्डावर तो रकाना रिकामा होता. मी काकांना तेवढ्या भागाचा फोटो पाठवला.