दत्तक गाव (भूकंप पुनर्वसन)

आपत्तीत उद्ध्वस्त झालेले गाव पुन्हा उभे करण्याची जबाबदारी एखादी सेवाभावी संस्था, ट्रस्ट किंवा उद्योगसमूह घेतो, तेव्हा त्याने ते गाव ‘दत्तक घेतले’ असे म्हणतात. शब्द घरगुती असला तरी व्यवहार वाटणीचा असतो. जमीन, रस्ते, पाणी आणि वीज शासनाने द्यायची, घरे देणगीदाराने बांधायची. महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी पोचला तो किल्लारीच्या भूकंपानंतर.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्हे हादरले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. सुमारे ८,००० माणसे दगावली, ती मुख्यतः घरांमुळे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर लाकडी तुळयांवर पेललेले मातीचे माळवद ही या भागातली जुनी बांधणी. उन्हाळ्यात गारवा देणारे माळवदच झोपलेल्या माणसांवर कोसळले.

मदतीचा ओघ प्रचंड होता. धान्य, भांडी, औषधे आली, तसे जुन्या कपड्यांचे गठ्ठेही आले. अशा कपड्यांतले पुष्कळसे घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या सोयीचे असतात. बघ्यांचीही गर्दी झाली. सगळे दान मात्र वस्तूंचे नव्हते. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. ही जबाबदारी चार दिवसांत संपणारी नव्हती, वर्षानुवर्षांची होती.

पुनर्वसनासाठी शासनाने जागतिक बँकेचे कर्ज घेतले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी हलवायचे ठरले. त्यांतली काही देणगीदारांनी बांधली, उरलेली शासनाने कंत्राटदारांकरवी. घराचा आकार जमिनीच्या धारणेवरून ठरला. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. भूकंपाने एका रात्रीत सगळ्यांना उघड्यावर आणले होते, पण सातबाऱ्यावरची उतरंड नव्या गावातही तशीच आली.

जुन्या गावठाणात वाडे एकमेकांना खेटून होते. अंगणात जनावरे, कडेला धान्य साठवायचे बळद, आणि बोळातून हाक मारली की शेजारी ओ द्यायचा. नव्या वसाहती चौकटीच्या आखणीच्या, रुंद रस्त्यांच्या आणि ऐसपैस. त्यामुळे शेत लांब पडले आणि शेजारही विस्कटला. जनावरांना जागा नसल्याने लोकांनी घरालगत पत्र्याच्या शेड ठोकल्या. काही ठिकाणी संडासात सरपण ठेवले गेले. घर फुकट मिळाले म्हणून तक्रार करायची लाज वाटणे हीदेखील दत्तक विधानाची एक बाजू आहे. ज्याने पैसे दिले त्याला नाव ठेवता येत नाही, आणि ज्याने जागा दिली ते शासन ‘घर आमचे नव्हे’ म्हणू शकते.

याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागाची चर्चा कमी होते. जिथे घरे उभी होती पण खिळखिळी झाली होती, तिथे शासनाने घरमालकाच्या हातात टप्प्याटप्प्याने पैसे आणि साहित्य दिले, आणि दुरुस्ती त्यानेच करायची असे ठरवले. तांत्रिक सल्ल्याला अभियंते होते. गावोगावी स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली, आणि हे काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने सांभाळले. सिमेंट किती लागते, हप्ता कधी मिळणार, भिंत कशी बांधायची हे विचारायला बायका एकत्र बसू लागल्या. पुढे त्यांतूनच बचत गटांचे काम वाढले. या घरांवर कुणाही दात्याच्या नावाची पाटी नव्हती.

२६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरात सरकारने देणगीदारांना गावे दत्तक घेऊ दिली, पण बहुतांश लोकांनी अनुदान घेऊन जुन्याच जागी, आपल्या हातांनी घरे बांधली.