‘मुरलेला’ सागवान हलत नाही?

सोलापुरात वाडा उतरवला आणि दरवाजाचं टेबल करायचं म्हटलं, की हमखास ऐकू येतं: लाकूड मुरलंय, आता फुगणार नाही की आकसणार नाही. हे चूक. लाकूड कितीही जुनं असो, हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात फुगलेला ३० इंच रुंद टॉप मे महिन्यातल्या ४० अंशांच्या कोरड्या हवेत २ ते ४ मिमी सहज आकसतो. लांबीत मात्र फरक जवळपास शून्य. म्हणून खालची आडवी पट्टी गोंद लावून, स्क्रूने जखडली की सांधा उघडतो, नाहीतर फळीच तडकते. आणि बोल लागतो सुताराला! पट्टीला गोंद नकोच. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या ५ मिमी स्क्रूंना पट्टीत १० मिमी लांबट भोकं, फळ्यांच्या रुंदीच्या दिशेने. स्क्रूच्या डोक्याखाली वॉशर.

‘सागाला वाळवी लागत नाही’ हेही गाभ्यापुरतंच खरं. कडेचा फिकट भाग दाभणाने टोचा. भुसभुशीत लागला तर तेवढा कापून टाका. रंध्याआधी लोहचुंबक फिरवा, एका तुटक्या खिळ्याने पातं जातं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका: मास्क लावून, पाणी मारत वॉटर पेपरने.