जिमखाना खेळ (घोडेस्वारी)

घोड्यावर बसून, आखून दिलेल्या वाटेने, वेळ मोजून खेळल्या जाणाऱ्या शर्यतींना जिमखाना खेळ म्हणतात. रिंगणात पिंपे, काठ्या किंवा झेंडे ठरावीक अंतरावर मांडलेले असतात. त्यांना वळसे घालून किंवा त्यांच्यामधून नागमोडी धावून स्वाराने कमीत कमी वेळात परत यायचे असते. बहुतेक प्रकारांत एका वेळी रिंगणात एकच घोडा असतो. पुणे जिल्ह्यातल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यातल्या बैलगाडा शर्यतीही सेकंदांवरच ठरतात. एक बारी सुटते, तिची वेळ लागते, मग पुढची सुटते. आणि बैलांच्या पुढे घोडी पळवणारा स्वार त्या घाटातही, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरही, असतोच. मात्र बैलगाड्याला सरळ पळायचे असते, आणि जिमखाना खेळात घोड्याचा आणि स्वाराचा कस लागतो तो वळणावर.

पुण्यात ‘जिमखाना’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती वस्ती. ‘आम्ही जिमखान्यावर राहतो’ असे सांगणाऱ्याच्या मनात घोडा नसतो. डेक्कन जिमखाना ही क्रीडासंस्था १९०६ साली स्थापन झाली आणि तिचेच नाव भोवतालच्या भागाला पडले. शब्द मात्र त्याआधीचा आहे. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या कोशात त्याचा सर्वांत जुना माग रुडकीपर्यंत, १८६१ सालापर्यंत लावला आहे, आणि ‘गेंदखाना’ म्हणजे चेंडूच्या खेळाची जागा या शब्दावरून तो बनला असावा असे म्हटले आहे. छावण्यांतल्या मैदानांवर चेंडूच्या खेळांबरोबर घोड्यांवरचे गमतीचे सामनेही रंगत. हिंदुस्थानातून हा शब्द इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेपर्यंत गेला आणि तिकडे मुख्यतः घोड्यावरच्या खेळांसाठी उरला. इकडे त्याचा क्लब झाला. एकाच शब्दाचे असे दोन संसार झाल्यामुळे या नोंदीचे शीर्षक पुणेकराला चमत्कारिक वाटेल, पण ते अचूक आहे.

या खेळांत सर्वाधिक नाव झाले ते पिंपांच्या शर्यतीचे, म्हणजे बॅरल रेसिंगचे. ही शर्यत अमेरिकेच्या रोडिओतून, म्हणजे गुराख्यांच्या कौशल्याच्या स्पर्धांतून, वाढली आणि तिथे प्रामुख्याने स्त्रियांनी वाढवली. तिचे व्यावसायिक नियमन करणारी स्त्रियांची संघटना १९४८ साली टेक्सासमध्ये सुरू झाली. तेलाची किंवा डांबराची असतात तशी सुमारे दोनशे लिटरची तीन रिकामी पिंपे त्रिकोणात उभी करतात. प्रमाणित आखणीत पहिली दोन पिंपे सुरुवातीच्या रेषेपासून ६० फुटांवर (सुमारे १८ मीटर), एकमेकांपासून ९० फुटांवर (सुमारे २७ मीटर) असतात, आणि तिसरे पिंप त्या दोहोंपासून १०५ फुटांवर (३२ मीटर) असते. मैदान लहान असेल तर अंतरे कमी करतात. सुरुवात धावती असते. घोडा भरधाव आत येतो आणि त्याचे नाक रेषेवर पोचले की घड्याळ सुरू होते. उजव्या पिंपापासून सुरुवात केली तर त्याला उजवा वळसा, मग समोरच्या डाव्या पिंपाला डावा, नंतर टोकाच्या पिंपालाही डावा, आणि तिथून सरळ रेषेकडे. डावीकडून सुरुवात केल्यास सगळे उलट. हा मार्ग कागदावर काढला तर बेलाचे त्रिदळ उमटते.

दंड दोनच आहेत, आणि तेवढे पुरतात. पिंप पडले तर वेळेत ५ सेकंद वाढतात. वाट चुकली, वळसा उलट घातला किंवा एखादे पिंप राहिले, तर ती धाव नोंदलीच जात नाही. पिंप डगमगले तर स्वार हाताने ते सावरू शकतो. त्याला दंड नाही. प्रमाणित अंतरावर उत्तम घोडा सुमारे १७ सेकंदांत परततो आणि निकाल सेकंदाच्या शतांश भागांवर लागतात. तिथे पाच सेकंदांची वाढ म्हणजे स्पर्धेतून गेल्यासारखेच. नियम इतका कडक आहे म्हणूनच हा खेळ नुसत्या वेगाचा राहिलेला नाही, आणि त्याची खरी थोरवी हीच आहे.

पहिल्या पिंपाशी काय घडते ते जवळून पाहण्यासारखे असते. दोन घोड्यांएवढे अंतर उरले की इतका वेळ पुढे झुकलेला स्वार खोगिरात खोल बसतो. एक हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर जातो, दुसऱ्या हातातला लगाम किंचित आत येतो. घोड्याला हा इशारा पुरतो. त्याचे मागचे पाय पोटाखाली सरकतात, पुठ्ठा खाली बसतो, पुढचा आतला पाय उघडतो आणि सगळे धूड त्या मागच्या पायांवर फिरते. माती उडून पिंपाच्या पत्र्यावर सडसड आपटते. स्वाराचा गुडघा आणि पिंपाची कड यांत वीतभर जागा उरली तर उरली. तालमीत वारंवार सांगितले जाते की आत जाताना मोकळे, बाहेर पडताना घासून. आत जातानाच घासून गेलेला घोडा बाहेर पडताना पिंपावर आदळतो, कारण त्याच्या अंगाची कमान तोवर सरळ झालेली असते. नवशिक्याची नजर पिंपावर खिळते आणि घोडाही तिकडेच जातो. नजर वळणापलीकडच्या मोकळ्या जागेवर हवी.

यात आणखी एक मेख आहे. दौडीत घोड्याचा आतल्या बाजूचा पुढचा पाय पुढे पडत असेल तरच तो वळणावर तोल राखतो. पहिला वळसा उजवा आणि दुसरा डावा, म्हणून दोन पिंपांमधल्या त्या नव्वद फुटांत धावता धावता त्याला पाय बदलावा लागतो. तो बदलला नाही तर दुसऱ्या पिंपाशी घोडा पसरतो आणि सेकंद वाया जातो. मराठीत मुलाला वळण लावतात, घोड्यालाही लावतात. पिंपांभोवती महिनोन्‌महिने आधी साध्या चालीने, मग दुडक्या चालीने फिरवल्याशिवाय घोड्याला भरधाव सोडू नये. या पायरीवर घाई केलेले घोडे पुढे रिंगणाच्या दारातच अडतात. मागे सरकतात, पुढचे पाय उचलतात, आत यायलाच तयार नसतात. अशा घोड्याला हट्टी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

काठ्यांच्या शर्यतीत, म्हणजे पोल बेंडिंगमध्ये, पाय बदलण्याची ही परीक्षा प्रत्येक काठीला होते. सहा फूट उंचीच्या सहा काठ्या एका ओळीत २१-२१ फुटांवर (सुमारे ६.४ मीटर) उभ्या करतात, पहिली काठी रेषेपासूनही तेवढ्याच अंतरावर असते. स्वार ओळीच्या कडेने थेट टोकाला जातो, वळतो, काठ्यांमधून नागमोडी मागे येतो, पहिल्या काठीला वळसा घालून पुन्हा नागमोडी टोकाला जातो आणि शेवटी सरळ घरी. काठी पडली की इथेही ५ सेकंद. कुलपाच्या भोकाच्या शर्यतीत काही पाडण्यासारखे नसतेच. चुन्याने जमिनीवर एक अरुंद गल्ली आणि तिच्या टोकाला वर्तुळ आखतात. गल्लीतून आत जाऊन, वर्तुळात फिरून त्याच गल्लीने बाहेर यायचे. खूर रेषेबाहेर पडला की धाव बाद.

ब्रिटनमध्ये हा खेळ मुलांचा आणि सांघिक झाला. साध्या तट्टांवर बसणाऱ्या मुलांसाठीही एखादी स्पर्धा असावी या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांच्या सूचनेतून १९५७ साली त्यांच्या नावाची चषकस्पर्धा सुरू झाली. तिथे संघ शेजारशेजारच्या पट्ट्यांत एकाच वेळी पळतात. आपल्या शाळांच्या संमेलनातल्या लिंबू-चमचा आणि पोत्यांच्या शर्यतींची घोड्यावरची भावंडे या खेळांत भेटतात. हातातली वस्तू पडली तर संघ लगेच बाद होत नाही. स्वाराने मागे जाऊन, गरज पडल्यास खाली उतरून, ती उचलायची आणि चूक दुरुस्त करून पुढे जायचे. मुलांसाठी पाच सेकंदांच्या दंडापेक्षा हा नियम कितीतरी चांगला आहे.

भाल्याने जमिनीतली मेख उचलण्याचा टेंट पेगिंग हा भारतात रुजलेला खेळ या खेळांचा जवळचा नातलग. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत तो होता. त्यात घोडा भरधाव असावाच लागतो, पण निकाल मुख्यतः गुणांवर लागतो. पिंपांची आणि काठ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये नाही, आणि आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या क्रीडाप्रकारांतही नाही. त्यामुळे नियमांचे बारकावे संयोजकागणिक बदलतात. पिंपांमधली अंतरे, दंड आणि वेळ मोजण्याची पद्धत धाव सुरू होण्याआधी फलकावर लिहिलेली असणे ही स्वारांची रास्त मागणी आहे. वेळ प्रकाशकिरणावर चालणाऱ्या घड्याळाने घेतात आणि सोबत हातातली घड्याळेही ठेवतात.

पुण्याचे घोड्याशी नाते शहरातल्या नावांतही टिकून आहे. लक्ष्मी रस्त्यावरची हुजूरपागा ही १८८४ साली सुरू झालेली मुलींची शाळा, तिचे नाव पेशव्यांच्या पागेवरून आले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारी शिकवतात. छावणीच्या बाजूचे रेसकोर्स पावसाळी हंगामासाठी प्रसिद्ध आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे पुढे अनेकदा घोडेस्वारी शाळांत येतात. लांब टापांच्या या घोड्यांना मोठ्या गोलाकार धावपट्टीची सवय असते. पिंपाभोवती आखडून वळणे त्यांना नव्याने शिकावे लागते, आणि त्याला वेळ दिला पाहिजे. याउलट भीमेच्या काठचे भीमथडी घोडे बुटके, काटक, आखूड अंगाचे. या खेळाला ते जन्मतःच साजेसे आहेत, आणि पुण्याने हा खेळ वाढवायचा झाल्यास या जातीकडे आधी पाहावे असे वाटते.

पुण्याच्या मातीचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यात मुरूम दगडासारखा होतो आणि पायाच्या शिरांना धक्का बसतो; पावसात काळ्या मातीवर नाल घसरते. मुरमाच्या पक्क्या थरावर वाळू हवी आणि ठरावीक धावांनंतर ती पुन्हा सारखी करायला हवी. तसे केले नाही तर प्रत्येक पिंपाभोवती चर पडत जातो आणि ज्याची बारी शेवटी त्याला तो भोगावा लागतो. चाबकाचा अतिरेक, तोंडातून रक्त येईपर्यंत ओढलेला लगाम, लंगडणारा घोडा, यांपैकी काहीही दिसले तर पंचाने स्वाराला बाद करावे. प्राण्यांशी क्रूरतेने वागणे १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे. धाव संपली की स्वाराने खाली उतरून खोगिराचा तंग सैल करावा, आणि नाकपुड्यांची फडफड थांबून श्वास संथ होईपर्यंत घोड्याला चालवत राहावे. तोवर वेळ जाहीर झालेली असते.