बागेतील लाकडी शेड

बागेतील लाकडी शेड : बागकामाची अवजारे, कुंड्या, खते, गवत कापण्याचे यंत्र व तत्सम सामान ठेवण्यासाठी घरापासून सुटी उभारलेली छोटी लाकडी खोली. बहुधा ती चार तयार भिंती, तळ आणि छप्पर अशा सुट्या भागांत येते व जागेवर जोडली जाते. लहान बागेसाठी सुमारे १.८ × १.२ मी. ते २.४ × १.८ मी. ही मापे प्रचारात आहेत. तिचा उपयोग सर्वांना ठाऊक आहे. म्हणून येथे भर आहे तो लाकूड कशाने टिकते आणि कशाने कुजते यावर, कारण निवडीचे बहुतेक प्रश्न अखेर तेथेच येऊन थांबतात.

पूर्वरूपे : जमिनीपासून उचलून धरलेली लाकडी कोठी ही फार जुनी व एकमेकांपासून दूरच्या प्रदेशांत आढळणारी रचना आहे. स्पेनच्या वायव्य भागातील होर्रेओ आणि नॉर्वेतील स्टाब्युर ही कोठारे खांबांवर वा दगडांवर उभी असतात. होर्रेओच्या खांबांच्या डोक्यावर, उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून, रुंद सपाट दगड बसवलेला असतो. आजची शेड या कोठारांची थेट वारसदार आहे असे मात्र म्हणता येत नाही. तिचा प्रसार मुख्यतः १९ व्या शतकात, शहरवासीयांना खंडाने मिळू लागलेल्या बागांच्या तुकड्यांबरोबर झाला असावा. या बागांच्या उगमाविषयी एकमत नाही. काही लेखक उत्तर जर्मनीतील कापेल्न येथील १८१४ च्या सुमाराच्या बागांना पहिला मान देतात, तर लोकांच्या तोंडी नाव आहे ते लाइपसिकच्या डॉक्टर श्रेबर यांचे. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी लाइपसिकची संस्था १८६४–६५ च्या सुमारास निघाली तेव्हा श्रेबर हयात नव्हते, आणि संस्थेची जागाही मुळात मुलांच्या खेळासाठी होती. वाफे तिच्या कडेने नंतर आले. त्यामुळे कापेल्नचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. घर एकीकडे आणि बाग दुसरीकडे अशी स्थिती झाल्यावर फावडे-कुदळ बागेतच ठेवण्याची सोय लागणे ओघानेच आले.

शोसोइनचा वाद : लाकडी कोठीत सामान सुरक्षित कसे राहते, या प्रश्नावर सर्वाधिक चर्चा झालेली वास्तू म्हणजे जपानमधील नारा येथील तोदाइ-जी मंदिराचे शोसोइन हे कोषागार. सम्राट शोमू यांच्या निधनानंतर ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वस्तू मंदिराला अर्पण केल्या. इमारतही त्याच सुमाराची, ८ व्या शतकाच्या मध्याची मानली जाते. हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडाची ही सुमारे ३३ मी. लांबीची वास्तू ४० खांबांवर उभी असून तिचा तळ जमिनीपासून सुमारे २.७ मी. उंच आहे. तीन कोठ्यांपैकी उत्तर व दक्षिण कोठ्यांच्या भिंती त्रिकोणी छेदाचे ओंडके एकावर एक रचून केलेल्या आहेत, तर मधल्या कोठीच्या भिंती फळ्यांच्या आहेत. रेशीम, कागद आणि लाखकाम केलेल्या वस्तू येथे हजार वर्षांहून अधिक काळ टिकल्या.

याचे जुने स्पष्टीकरण असे की, दमट ऋतूत ओंडके फुगून फटी बुजतात व बाहेरची ओल अडते, आणि कोरड्या ऋतूत ते आकसून फटींतून वारा खेळतो. भिंतच जणू श्वास घेते, ही कल्पना इतकी आकर्षक ठरली की ती पुढे लाकडी शेडच्या वर्णनांतही शिरली. अलीकडील अभ्यासकांचा आक्षेप असा की, छपराचा प्रचंड भार ओंडक्यांवर सतत असल्याने अशा फटी उघडणे शक्य नाही, आणि फळ्यांच्या मधल्या कोठीतील वस्तूही तितक्याच चांगल्या राहिल्या. त्यांच्या मते श्रेय उंच तळाला आणि ज्यांत वस्तू ठेवल्या होत्या त्या लाकडी पेट्यांना जाते. पेटीतील हवेची आर्द्रता बाहेरच्या मानाने फार सावकाश बदलते. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. वस्तू आता १९५३ व १९६२ मध्ये बांधलेल्या काँक्रीटच्या भांडारांत आहेत.

शेड निवडणाऱ्याला यातून दोन गोष्टी घेता येतात. पातळ फळ्यांची भिंत आतल्या हवेचे नियमन करील अशी अपेक्षा धरू नये. वायुवीजनासाठी खाली आणि वळचणीपाशी मुद्दाम झरोके ठेवलेले असावेत. आणि बियाणे, कागद, विजेची अवजारे यांसाठी शेडच्या आत झाकणाची पेटी हवीच.

जमिनीशी संबंध : लाकूड कुजवणाऱ्या कवकांना हवा, सौम्य उष्णता आणि पाणी लागते. लाकडातील जलांश २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कवकांची वाढ सहसा होत नाही. सुमारे २८ ते ३० टक्क्यांना तंतू संपृक्त होतात व त्यापुढे कुजण्यास पूर्ण अनुकूल स्थिती येते. भिंतीची फळी पावसात भिजली तरी उन्हावाऱ्याने वाळते. मातीला टेकलेली तुळई मात्र वाळतच नाही.

इतिहास याची स्पष्ट साक्ष देतो. उत्खननांवरून दिसते की नॉर्वेतील सर्वांत जुन्या लाकडी चर्चांचे खांब सरळ जमिनीत गाडलेले होते. ती चर्चे आज उरलेली नाहीत. ऊर्नेस येथील १२ व्या शतकातील चर्च मात्र दगडी पायावर ठेवलेल्या आडव्या तुळयांवर उभे आहे. इंग्लंडमधील ग्रीनस्टेड येथील चर्चच्या ओक लाकडाच्या उभ्या भिंती एकेकाळी ९ व्या शतकातील समजल्या जात. वृक्षवलयांच्या नंतरच्या अभ्यासानुसार त्या ११ व्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपासच्या ठरतात, आणि हाच कालनिर्णय स्वीकारणे योग्य. १९ व्या शतकाच्या मध्यास दुरुस्ती झाली तेव्हा या भिंतींची कुजलेली बुडे कापून त्या विटांच्या जोत्यावर बसवण्यात आल्या. ओकसारखे टणक लाकूडही खालूनच गेले होते.

म्हणून शेड कोणती घ्यावी याआधी ती कशावर उभी करावी हे ठरवणे इष्ट. सपाट, समपातळीतील जोते हवे. ते काँक्रीटचे, फरसबंदीचे किंवा खडीवर रचलेल्या ठोकळ्यांचे असले तरी चालते. त्यावर दाबप्रक्रिया केलेल्या (कूज रोखणारा द्रव दाबाने आत भरलेल्या) जाड पट्ट्या, त्यांवर तळ आणि मध्ये वारा फिरेल एवढी मोकळी जागा, अशी रचना असावी. जोते भिंतींच्या बाहेर पसरलेले नसावे. तसे असल्यास भिंतीवरून ओघळणारे पाणी त्यावर साचून तळाखाली शिरते. पागोळ्यांचे थेंब जमिनीवर आपटून उडतात, त्यांची झेप लक्षात घेता भिंतीची सर्वांत खालची फळी जमिनीपासून १५ ते २० सेंमी. उंच असणे चांगले. जोते वाकडे असेल तर चौकट तिरकी होते आणि पहिला परिणाम दारावर दिसतो : ते घासू लागते. पुष्कळदा दोष दाराला दिला जातो आणि दारच तासले जाते. त्याने मूळ दुखणे जात नाही.

लाकूड व त्यावरील प्रक्रिया : यूरोपीय मानकांत लाकडाच्या नैसर्गिक टिकाऊपणाचे पाच वर्ग केले आहेत, पहिला अत्यंत टिकाऊ, पाचवा अजिबात न टिकणारा. सागाच्या गाभ्याचा वर्ग पहिला, उत्तर अमेरिकेतील वेस्टर्न रेड सीडारचा दुसरा, यूरोपातच वाढवलेल्या त्याच झाडाचा तिसरा, लार्चचा तिसरा ते चौथा आणि स्प्रूसचा चौथा. हे वर्ग केवळ गाभ्याच्या लाकडाला लागू आहेत. सालीलगतचे रसकाष्ठ, मग झाड कोणतेही असो, पाचव्या वर्गातच धरले जाते. नुसते जातीचे नाव वाचून केलेली निवड त्यामुळे फसवी ठरू शकते.

प्रक्रियेच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. स्कॉट्स पाइनचे रसकाष्ठ परिरक्षक (कूज रोखणारा) द्रव सहज शोषून घेते. स्प्रूसमध्ये वाळताना कोशिकांमधील सूक्ष्म खळगे मिटतात आणि दाब देऊनही द्रव फारसा आत जात नाही. सारखीच प्रक्रिया केलेल्या दोन शेडपैकी पाइनची शेड म्हणूनच अधिक भरवशाची, एरवी दोन्ही लाकडे दिसायला जवळजवळ सारखी असली तरी. नुसते द्रावणात बुडवून काढलेल्या फळीत परिरक्षक वरच्या एकदोन मिलिमीटरपुरताच राहतो व लेप वेळोवेळी द्यावा लागतो. दाबप्रक्रियेत बंद टाकीतील हवा आधी काढून घेतात आणि मग द्रव दाबाने लाकडात भरतात.

या पद्धतीचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी दोन परंपरा आहेत. फ्रेंच ग्रंथ ब्रेआं यांच्या १८३१ च्या सुमाराच्या प्रयोगांकडे बोट दाखवतात, तर इंग्रजी ग्रंथांत जॉन बेथेल यांच्या १८३८ च्या एकस्वाला (पेटंटला) महत्त्व आहे. दाबाची कल्पना ब्रेआं यांची आणि क्रिओसोट हे डांबरापासून काढलेले तेल वापरून ती व्यवहारात रुजवण्याचे काम बेथेल यांचे, असे म्हणणे बहुधा वस्तुस्थितीला धरून होईल. पुढच्या शतकात सर्वाधिक वापरले गेलेले तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण मात्र डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंती कामेशम यांनी शोधले. त्यासाठी १९३३ हे वर्ष सामान्यतः दिले जाते. जगभरातील विजेचे खांब, कुंपणे आणि शेड यांचे आयुष्य वाढवणाऱ्या या संशोधकाचे नाव आपल्याकडेही फारसे घेतले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आर्सेनिकच्या धोक्यामुळे २००३–०४ पासून अमेरिकेत व यूरोपीय संघात घरगुती वापरासाठी हे मिश्रण मागे पडले.

त्याच्या जागी आलेल्या तांबेयुक्त परिरक्षकांत आर्सेनिक नसते, परंतु तांब्याचे प्रमाण अधिक असल्याने साधे लोखंडी खिळे त्यांत लवकर गंजतात. अशा शेडला जाड जस्तलेप दिलेले किंवा स्टेनलेस पोलादाचे खिळे व स्क्रू लागतात. सीडारमध्ये कारण वेगळे, पण उपाय तोच : त्यातील टॅनिनसारख्या द्रव्यांची लोखंडाशी क्रिया होऊन फळ्यांवर काळे ओघळ उमटतात. दाबप्रक्रिया केलेली फळी जागेवर कापली तर आतला कोरा भाग उघडा पडतो, म्हणून प्रत्येक कापलेल्या टोकाला परिरक्षक लावणे आवश्यक असते.

भिंती : स्वस्त शेडमध्ये ७–८ मिमी. जाडीच्या फळ्या एकीच्या कडेवर दुसरी चढवून ठोकतात. चांगल्या शेडमध्ये ११–१२ मिमी. वा अधिक जाडीच्या, जीभ आणि खाच असलेल्या किंवा शिपलॅप पद्धतीच्या फळ्या असतात. शिपलॅपमध्ये फळीच्या वरच्या कडेला वक्र उतार देऊन पाणी झटकन खाली जाईल अशी सोय केलेली असते. लाकूड वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसते, लांबीच्या दिशेने मात्र नगण्य. त्यामुळे १२ सेंमी. रुंदीच्या पाइनच्या फळीतील जलांश ऋतूनुसार २० वरून १२ टक्क्यांवर आला, तर तिची रुंदी दोन ते अडीच मिलिमीटरने कमी होऊ शकते. जीभ एवढी खोल हवी की आकसल्यावरही ती खाचेतून सुटू नये. प्रत्येक फळी दोन्ही कडांना घट्ट खिळलेली असल्यास ती मध्ये चिरते. वरकरणी किरकोळ वाटणारी ही बाब पाहणीत अवश्य तपासावी, कारण रंगाखाली ती झाकली जाते. चौकटीच्या पट्ट्यांची जाडीही मोजावी. २८ मिमी.च्या चौरस पट्टीपेक्षा ४५ मिमी.ची पट्टी वाऱ्यापुढे आणि फडताळांच्या भारापुढे कितीतरी अधिक तग धरते.

तळ फळ्यांचा असावा. भुसा वा लाकडाचे तुकडे दाबून केलेले तक्ते ओल लागताच कडांना फुगतात, आणि एकदा फुगलेला तक्ता पूर्ववत होत नाही.

छप्पर : दुपाखी छपरात आढ्याखाली उंची मिळते आणि दार आखूड बाजूला ठेवता येते. एकपाखी छप्पर कुंपणाला पाठ लावून बसवता येते, मात्र उतार कुंपणाकडे असेल तर पागोळ्यांचे पाणी पन्हळाने बाजूला न्यावे लागते. छपरावर अंथरलेले डांबरी फेल्ट (डांबर लावलेला जाड पत्रक-थर) कडांपाशी आधी फाटते. त्याखालचा तक्ता पातळ असेल तर वासे जवळजवळ असावे लागतात.

जागा व दार : लहान बागेत शेड अगदी कोपऱ्यात, दोन्ही कुंपणांना चिकटवून ठेवण्याचा मोह होतो. तसे केल्यास त्या दोन भिंतींना पुन्हा कधी लेप देता येत नाही, आणि सावलीत व बंद हवेत त्याच भिंती सर्वांत ओल्या राहतात. माणूस आडवा होऊन जाऊ शकेल एवढी, सुमारे ४५ सेंमी. वाट सोडणे श्रेयस्कर. त्यासाठी शेड एक माप लहान घ्यावी लागली तरी. दार सर्वांत रुंद वस्तूच्या मापाने ठरवावे आणि ते पूर्ण उघडण्यास पुढे जागा आहे का ते पाहावे. बिजागरी व कडीकोयंडा बाहेरून स्क्रूने न बसवता आरपार नटबोल्टने, नट आतल्या बाजूस ठेवून बसवलेला बरा. खिडकीची गरज केवळ आत बसून काम करणाऱ्याला असते. साठवणीच्या शेडमध्ये ती एक भिंत अडवते व आतले सामान बाहेरच्यांना दाखवते.

नियम : बांधकामाचे नियम देशोदेशी भिन्न आहेत. इंग्लंडमध्ये हद्दीपासून २ मी. च्या आत परवानगीशिवाय उभारायच्या शेडची उंची २.५ मी. पेक्षा जास्त चालत नाही. जर्मनीत खंडाने दिलेल्या बागांविषयीच्या १९८३ च्या कायद्यानुसार झोपडीचे क्षेत्रफळ, छप्पर असलेल्या ओट्यासह, २४ चौ. मी. पर्यंत मर्यादित आहे. उंचीची मर्यादा जोत्यासह मोजली जात असेल, तर दुपाखीऐवजी एकपाखी छप्पर घेऊन तळाची उंची राखता येते.