चिमणी उड, टेबल उड! खेळता खेळता जर्मन डोक्यात शिरते कशी?

‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड’ हा आपल्याकडचा जमिनीवर बोट टेकवून खेळायचा खेळ जर्मन मुलं टेबलाभोवती बसून खेळतात. सगळ्यांनी तर्जनीने टेबलाच्या कडेवर टकटक वाजवत राहायचं. ज्याच्यावर राज्य असेल तो ओरडतो, ‘आले फ्योगेल फ्लीगेन होख!’ सगळे पक्षी उंच उडाले, की सगळ्यांचे हात वर. ‘आले टाउबेन फ्लीगेन होख!’ कबुतरं उडाली, पुन्हा हात वर. मग त्याच सुरात ‘आले टिशे फ्लीगेन होख!’ आता ही टेबलं. ज्याचे हात वर गेले तो बाद. राज्य घेणारा स्वतःचे हात मुद्दाम वर नेऊन फसवत असतो, ते वेगळंच.

आपल्याकडे ज्या शाळांत प्राथमिकपासून जर्मन शिकवतात तिथे हा खेळ फारसा समजावून सांगावा लागत नाही. पालकांना मात्र काळजी वाटते. तासाला मुलं नुसती खेळतात, वही कोरीच घरी येते. त्यांची शंका रास्त आहे, कारण प्रत्येक खेळातून भाषा शिकली जातेच असं नाही. मजा आली म्हणून शब्द लक्षात राहिला, हे अर्धंच खरं. मजेमुळे मूल जागेवर टिकतं. शब्द टिकतो तो खेळ मुलाच्या डोक्याला कोणतं काम लावतो त्यावर.

पक्ष्यांचाच खेळ घ्या. ‘टिशे’ कानावर पडल्यावर हात न्यायचा की रोखायचा हे ठरवायला मुलाला जेमतेम क्षणभर मिळतो. तेवढ्यात त्याने आवाज ओळखायचा, अर्थ गाठायचा आणि वर निघालेला हात आवरायचा. आधी मराठीत आणून मग समजून घ्यायला सवडच नसते. शिवाय तोंडाने काही बोलायचं नसल्यामुळे लाजरं मूलही खेळात असतं. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात यावर पूर्ण पद्धतच बसवली. शिक्षकाने आज्ञा द्यायची, ‘उभे राहा’, ‘दाराकडे जा’, आणि विद्यार्थ्यांनी ती करून दाखवायची. बोलण्याची सक्ती नाही. तान्ही मुलं बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी ‘बॉल आण’ म्हटलं की बॉल आणतात, हे त्यांच्या विचाराचं मूळ. उजव्या-डाव्या मेंदूविषयीची त्यांची मांडणी आज फारशी कुणी मानत नाही, पण पद्धत वर्गात टिकून आहे.

अंगविक्षेपांनी खरंच काही फरक पडतो का, हे जर्मनीत आठ वर्षांच्या मुलांवर तपासलं गेलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांना इंग्रजी शब्द तीन तऱ्हांनी शिकवले: काही नुसते ऐकवून, काही चित्रासोबत, काही हातवारे करून. सहा महिन्यांनी पाहिलं तर चित्रवाले आणि हातवारेवाले, दोन्ही शब्द नुसत्या ऐकलेल्या शब्दांपेक्षा चांगले लक्षात होते. गंमत अशी की मोठ्या माणसांवरच्या आधीच्या प्रयोगांत हातवारे चित्रांपेक्षा जास्त काळ पुरले होते. आठ वर्षांच्या मुलांत मात्र दोन्ही सारखेच ठरले. ज्या बाईंना वर्गात नाचायचा संकोच वाटतो त्यांनी निर्धास्तपणे चित्रांची कार्डं वापरावीत.

माझ्या मते सगळ्यात कसदार खेळ मात्र सूटकेस भरण्याचा. पहिलं मूल म्हणतं, ‘इश पाके मायनेन कोफर उन्ट नेमे मिट: आयनेन बाल.’ मी माझी बॅग भरतोय आणि सोबत घेतोय एक चेंडू. दुसरं मूल चेंडू म्हणून पुढे आपली भर घालतं: आयने होझे, एक पँट. तिसरं चेंडू, पँट आणि ‘आइन बूख’, एक पुस्तक. सातव्या मुलापर्यंत बॅग चांगलीच फुगते, आणि त्याला आधीच्या सहा वस्तू क्रमाने सांगाव्या लागतात. वर्गाकडे नीट पाहिलं तर ज्यांची पाळी अजून यायची आहे त्यांचे ओठ हलत असतात. खिडकीजवळच्या मुलीची पँट, तिच्या मागच्याचं पुस्तक, अशी चेहऱ्यांवर शब्द टांगत त्यांची मनातल्या मनात उजळणी चाललेली असते. फळ्यावर काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे प्रत्येक शब्द आतून ओढून काढावा लागतो.

या ओढून काढण्यातच सगळं आहे. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थांसह शिकवले. शब्द एकदा आठवता आला की पुढे काहींनी तो फक्त पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा पुन्हा आठवून सांगितला. आठवड्याने आठवणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द येत होते. नुसतं वाचणाऱ्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. एकदा आठवलेला शब्द परत परत वाचून जवळजवळ काहीच हाती लागलं नव्हतं. प्रयोग मोठ्या मुलांवरचा आहे, तरी ‘दहा वेळा लिहून काढ’ हा आपला लाडका गृहपाठ यापुढे जरा केविलवाणा वाटतो.

सूटकेसच्या खेळात आणखी एक गोष्ट गुपचूप होते. ‘आयनेन बाल’, ‘आयने होझे’, ‘आइन बूख’: चेंडू पुल्लिंगी, पँट स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी, आणि त्याप्रमाणे आधीचा छोटा शब्द बदलतो. शिवाय ‘आयनेन’ हे कर्माचं रूप. मुलाला यातलं काही सांगितलेलं नसतं. ते अख्खी जोडीच गिळतं. आणि तेच योग्य आहे. इन्बाल आर्नोन आणि मायकेल रॅम्सकार यांनी २०१२ मध्ये एका बनावट भाषेवर प्रयोग केला. ज्यांना आधी सुटी नामं शिकवली आणि नंतर लिंगदर्शक शब्दासकट वाक्यं ऐकवली, त्यांना लिंग नीट जमलं नाही. ज्यांनी सुरुवातीलाच अख्खी वाक्यं ऐकली त्यांना ते जास्त चांगलं जमलं. नामाचा अर्थ एकदा कळला की आधीच्या छोट्या शब्दाकडे लक्ष द्यायची गरजच डोक्याला उरत नाही. म्हणून भिंतीवरच्या तक्त्यावर सुटा ‘बाल’ कधीच लिहू नये, ‘डेअर’ या पुल्लिंगदर्शक शब्दासकट ‘डेअर बाल’ लिहावं. पुल्लिंगाला निळा, स्त्रीलिंगाला लाल आणि नपुंसकाला हिरवा, हा जर्मनच्या वर्गांत बराच रुळलेला रंगसंकेतही वापरावा.

इथे मराठी मुलाला एक आयती सोय आहे. तो, ती, ते अशी तीन लिंगं त्याच्या घरात रोज नांदतात, त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग असतं यात त्याला नवल वाटत नाही. इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे येणाऱ्याला ही पहिली ठेच लागते. आपल्या लिंगांवरून जर्मन लिंग ओळखायला मात्र जाऊ नये. आपला सूर्य तो, त्यांची ‘डी झोने’ स्त्रीलिंगी; आपलं टेबल ते, त्यांचा ‘डेअर टिश’ पुल्लिंगी.

आकड्यांतही तसंच. जर्मनमध्ये २१ म्हणजे ‘आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश’, एक आणि वीस. एकवीस म्हणणाऱ्या मुलाला यात उलटं काय आहे हेच कळत नाही. एकोणतीसच्या भानगडीतून पार पडलेल्याला तर जर्मन आकडे सोपेच वाटतील. ऐकलेला आकडा लिहिण्यात या उलट क्रमाचा घोळ होतो हेही खरं: ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या जर्मनभाषक मुलांच्या अशा चुका मोजल्या तेव्हा जवळपास निम्म्या चुका दशक-एककाच्या अदलाबदलीच्या निघाल्या. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. जर्मनीत बोखुम इथल्या एका गणितज्ञाच्या पुढाकाराने २००४ पासून नेमकी हीच मागणी करणारी संस्था आहे, आणि तिचं नावच ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे वीस-एक. तिथेही लोकांनी ऐकलेलं नाही.

मग जितक्या लवकर सुरू करू तितकं बरं का? बहुतेक पालकांना आणि जाहिरातींना तसं वाटतं. पुरावा तितका सरळ नाही. जर्मनीच्या नॉर्डराईन-वेस्टफालन राज्यात इंग्रजी आधी तिसरीपासून होती, २००८-०९ मध्ये ती पहिलीत आणली. संशोधकांनी दोन्ही तुकड्यांतली मिळून ५,१३० मुलं तपासली. पाचवीत पहिलीपासूनवाली मुलं पुढे होती. सातवीत तिसरीपासूनवाली त्यांच्या पुढे गेली. कारण काय असावं? मोठ्या शाळेत गेल्यावर गाणी-खेळांतून आलेल्या भाषेवर पुढची वीट कुणी रचत नाही, सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवतात, हा संशोधकांचा एक अंदाज. शिवाय दहा-बारा वर्षांची मुलं नियम समजून घेऊन झपाट्याने शिकतात. २०२१ पासून त्या राज्याने इंग्रजी परत तिसरीत नेली. बाडेन-व्युर्टेम्बर्गने त्याआधीच, २०१८ मध्ये, तेच केलं होतं.

पहिलीत जर्मन ठेवूच नये असा याचा अर्थ मी काढत नाही. पण आठवड्यातून एक तास, तोही हॉबी क्लासच्या खात्यात, आणि त्यातला निम्मा वेळ जर्मनीचा झेंडा रंगवण्यात जात असेल, तर लवकर सुरू केल्याचा फायदा मागू नये. झेंडा रंगवताना मूल दोन-तीन रंगांची नावं ऐकतं आणि उरलेला वेळ शेजाऱ्याशी मराठीत गप्पा मारतं. छान चित्र घरी जातं, पालक खूश होतात, आणि भाषेच्या खात्यात काही जमा होत नाही.

तासांची वाटणी तरी शाळेला नक्की बदलता येईल. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच्याच प्रयोगांतून दाखवलं की एका बैठकीत रट्टा मारण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत विभागली तर कमी मेहनतीत काम होतं. शनिवारच्या ५० मिनिटांपेक्षा रोजची १० मिनिटं बरी. त्या १० मिनिटांत कालचीच सूटकेस आधी उघडायची. दोन-तीन वस्तू विसरलेल्या असतील, मुलं अडखळतील, एकमेकांना खुणा करून सुचवतील. तेवढी अडचण मुद्दाम होऊ द्यायची आणि मगच नवीन वस्तू भरायची. जर्मनच्या बाई रोज येत नसतील तर चित्रांच्या कार्डांवर हा खेळ वर्गशिक्षिकाही घेऊ शकतात, चुकलेल्याला मुलंच पकडतात. उच्चारांचं काम मात्र जर्मनच्या बाईंकडेच ठेवावं, कारण ‘इश’च्या शेवटचा तो श आणि ह यांच्या मधला आवाज देवनागरीत लिहून कुणाला येत नाही, तो समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच उचलावा लागतो.