रेमडेसिव्हिरची लाईन आणि उलटीपालटी झालेली औषधं

एप्रिल 2021 मध्ये मी सांगलीत दिवसभर रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनसाठी फिरलोय, मामा ऑक्सिजनवर, कोरोनाचा अकरावा दिवस, आणि तिकडं तासगावातल्या भावाला ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिलेल्या. तेव्हा काय कळत नव्हतं. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, दोघांची औषधं अदलाबदल झाली होती राव!

कोरोना विषाणू म्हणजे साधारण 30 हजार अक्षरांचा आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर), वर चरबीचं आवरण (म्हणून तर साबणानं मरतो) आणि त्यावर स्पाइक प्रोटीनचे काटे. काटा आपल्या पेशीवरच्या एसीई-2 नावाच्या प्रोटीनला चिकटला की विषाणू आत शिरतो आणि आपल्याच पेशीकडून स्वतःच्या कॉप्या काढून घेतो. हा खेळ मुख्यतः पहिल्या आठवड्यातला. रेमडेसिव्हिर नेमकं या कॉप्या काढण्यात खोडा घालतं, म्हणजे लवकर दिलं तरच त्याचा खरा उपयोग.

पुढं काही जणांत भलतंच होतं. विषाणू कमी होत असतो पण आपली प्रतिकारशक्तीच पिसाळते, फुफ्फुसाला सूज येते आणि ऑक्सिजन उतरायला लागतो. इथं प्रतिकारशक्तीला आवर घालणारं स्टिरॉइड लागतं. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीत दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळं साधारण एक तृतीयांशानं घटले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशानं, आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा शून्य. म्हणजे भावाच्या शरीराला विषाणूशी भांडायचं होतं तेव्हाच आपण त्याचे हात बांधले, वर शुगर वाढली ती वेगळीच. शुगर आणि स्टिरॉइड या जोडीनंच त्या वर्षी काळ्या बुरशीला रान मोकळं करून दिलं.

विषाणू आला कुठून, तर जवळचे नातेवाईक वटवाघळांत सापडलेत, जनुकं 96 टक्क्यांच्या वर जुळतात, पण वुहानमध्ये 2019 ला माणसापर्यंत तो कुठल्या वाटेनं पोचला यावर अजून वाद आहे. आपल्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) खुणा मिळाल्या त्या निपाह विषाणूच्या, ते घराणंच वेगळं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं एकच झालं होतं.

मामा वाचले. इंजेक्शननं वाचलो असं अजून सांगतात, त्यांच्या फाईलमध्ये मात्र त्याच दिवसांत डेक्सामेथासोनपण लिहिलंय आणि त्याचं बिल इतकं किरकोळ होतं की तेव्हा कुणी नीट बघितलंपण नाही.