बाईकला ऑइल टेम्परेचर मीटर: कुठे बसवायचं आणि दिसणारा आकडा वाचायचा कसा

एअरकूल्ड बाईकच्या मीटरवर स्पीड दिसतो, पेट्रोल दिसतं, हल्ली गियर कितवा पडलाय तेही दिसतं, पण ज्याच्या जिवावर आख्खं इंजिन चालतं त्या ऑइलचं तापमान बहुतेक गाड्यांवर कुठेच दिसत नाही. कारला निदान कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) काटा किंवा लाल दिवा तरी असतो, इथे तोही नाही. म्हणून बरेच जण बाहेरून मीटर आणून लावतात, आणि लावल्यावर पहिल्याच घाटात ११५ आकडा बघून घाबरतात. तो आकडा मुळात आहे कसला, तो कुठे मोजलाय आणि त्यात घाबरण्यासारखं काही आहे का, हे समजून मीटर लावलं तर त्याचा खरा उपयोग होतो. उदाहरणासाठी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं जुनं यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्स एकाच खोक्यात) इंजिन घेऊ, ३४६ सीसी, एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं. आपल्याकडे ही गाडी गल्लोगल्ली आहे आणि मीटर लावायची हौसही याच गाडीवाल्यांना जास्त.

आधी उष्णता कुठून येते ते बघू. पेट्रोल जळून जेवढी ऊर्जा निघते त्यातली साधारण पंचवीस ते तीस टक्केच चाकापर्यंत जाते, बाकीची सगळी उष्णता. त्यातली बरीच सायलेन्सरमधून निघून जाते, काही सिलिंडरच्या फिन्सवरून (बाहेरच्या पातळ पाकळ्यांवरून) हवेत जाते, पण पिस्टनच्या खालच्या बाजूला, क्रँकच्या बेअरिंगला आणि वर हेडमधल्या (सिलिंडरच्या डोक्यातल्या) व्हॉल्व्ह हलवणाऱ्या रॉकरपर्यंत हवा पोचतच नाही, तिथली उष्णता बाहेर काढायचं काम ऑइलच करतं. पिस्टनचा माथा अडीचशे-तीनशे अंशांच्या घरात तापलेला असतो आणि त्याच्या पोटाला ऑइलचे शिंतोडे लागत असतात. म्हणजे आपण ज्याला फक्त वंगण म्हणतो ते एअरकूल्ड गाडीत अर्धं कूलंटसुद्धा आहे, आणि म्हणूनच त्याचं तापमान म्हणजे इंजिनच्या आतली सगळ्यात कामाची खबर.

आता डब्यावरचा आकडा. या इंजिनात १५डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल पडतं. यातला ५० हा आकडा १०० अंश सेल्सियसला ऑइल किती घट्ट आहे त्यावरून ठरतो, एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे ५० ग्रेडचं ऑइल १०० अंशाला १६.३ ते २१.९ सेंटिस्टोकच्या (हे घट्टपणा मोजायचं एकक) मध्ये असायला लागतं. हेच ऑइल ४० अंशाला सव्वाशे-दीडशे सेंटिस्टोकच्या आसपास असतं, म्हणजे सात-आठ पट घट्ट. सांगायचा मुद्दा हा की १०० अंश हे ऑइलसाठी संकट नाहीच, ग्रेड ठरवतानाच ते तापमान धरलेलं आहे. बेअरिंगसारख्या जागी, जिथे ऑइलवर प्रचंड घासाघीस होते, तिथलं वागणं तपासायला तर १५० अंशाला वेगळी टेस्ट घेतात. पाणी १०० ला उकळतं म्हणून १०० हा आकडा आपल्या डोक्यात धोक्याचा बसलाय एवढंच.

मग जास्त तापलं तर बिघडतं काय? दोन गोष्टी. एक म्हणजे ऑइल पातळ होतं, दोन धातूंमधला थर बारीक होत जातो, आणि यूसीईला हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट भरून काढणारे भाग) असल्यामुळे तेही ऑइलच्या दाबावरच फुगलेले राहतात, खूप तापल्यावर वरून टकटक ऐकू यायला लागली तर त्याचं हे एक कारण असू शकतं. दुसरी गोष्ट हळूहळू होते, ती म्हणजे ऑक्सिडेशन, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑइल खराब होणं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ही रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, त्यामुळे १२० अंशाला रोज चालणाऱ्या ऑइलचं आयुष्य १०० वाल्यापेक्षा बरंच कमी. घाट चढून गाडी घरी नीट आली म्हणजे ऑइलला काही झालं नाही असं नसतं, पण एका घाटाने ते वायाही जात नाही.

मला स्वतःला मीटरवर आकडा कमी राहतोय का हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातली थोडी वाफ पिस्टन रिंगच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या इंजिनच्या खालच्या पेटीत, उतरते. इंजिन नीट तापलेलं असेल तर ती ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडते, पण घर ते ऑफिस चार किलोमीटर, पावसाळा, बाहेर २२-२३ अंश, अशा वेळी ऑइल ६० च्या वर जातच नाही आणि ती वाफ आतच पाणी होऊन बसते. ऑगस्टमध्ये ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, फिक्या चहावर साय धरावी तसा पांढरट थर दिसतो, तो पाणी आणि ऑइल घुसळून झालेला असतो. असा थर दिसला की लोक हेड गॅस्केट (हेड आणि सिलिंडरमधलं सील) गेली म्हणून हवालदिल होतात, पण या इंजिनात कूलंटच नाही तर गॅस्केटमधून पाणी येणार कुठून, ते बहुतेक वेळा छोट्या फेऱ्यांमुळेच असतं. मीटर असेल तर हे आधीच कळतं, कारण आठवडाभर आकडा ८० ला शिवलेलाच नसतो. मग रविवारी गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवून आणायची, ९० च्या वर राहिली की पाणी उडून जातं.

आता बसवायचं कुठे. तीन जागा असतात. पहिली म्हणजे ऑइल भरायच्या झाकणाच्या जागी थर्मामीटरवालं झाकण. ही सगळ्यात सोपी, वायर नाही, काही नाही. आत दोन वेगळ्या धातूंच्या चिकटवलेल्या पट्टीची गुंडाळी असते, दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावतात म्हणून पट्टी वळते आणि काटा फिरतो. ही पट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने समुद्रावरच्या घड्याळासाठी वापरली होती, तापमानाने घड्याळ मागेपुढे होऊ नये म्हणून. पण या झाकणाची दांडी ऑइलमध्ये बुडाली पाहिजे, नुसती हवेत लटकत असेल तर ती ऑइलचं नाही, आतल्या वाफेचं आणि शिंतोड्यांचं तापमान दाखवते. आणि याहून महत्त्वाचं, दांडी जास्त लांब असेल तर आत फिरणाऱ्या क्लच किंवा गियरला लागू शकते. म्हणून विकत घेण्याआधी मूळ झाकणाच्या खाली किती जागा आहे ते तार घालून मोजा, इंजिन बंद ठेवून. शिवाय चालवताना गुडघ्याखाली बघायला लागतं, ते मला पटत नाही.

दुसरी जागा ड्रेन बोल्ट. मधोमध भोक असलेला बोल्ट मिळतो, त्यात सेन्सर बसतो. ऑइल इथे कायम असतं त्यामुळे आकडा भरवशाचा, पण सेन्सर इंजिनच्या सगळ्यात खाली लोंबतो, आणि आपले स्पीडब्रेकर कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे. खाली बॅश प्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) नसेल तर ही जागा टाळा, एका दगडाने सेन्सर तुटला की सगळं ऑइल रस्त्यावर. तिसरी जागा म्हणजे ऑइलच्या वाटेवरचा एखादा बंद प्लग किंवा ऑइल फिल्टरचं कव्हर, तिथे वाहतं ऑइल मिळतं, आकडा पटकन बदलतो, पण तिथे दाब असतो आणि गळती झाली तर भसाभस होते, म्हणून हे काम लेथवाल्याकडून आणि सवयीच्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावं.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या तिन्ही जागांचे आकडे वेगळे येणार. हेडमधून उतरणारं ऑइल खाली साठलेल्या ऑइलपेक्षा चांगलंच गरम असतं. त्यामुळे मित्राच्या गाडीवर १०५ आणि आपल्या गाडीवर ११८ दिसलं म्हणून आपलं इंजिन खराब असं होत नाही, आधी दोघांचे सेन्सर कुठे आहेत ते विचारा. काही जण पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर इंजिनवर मारून बघतात, त्यावर तर अजिबात जाऊ नका, चकचकीत अॅल्युमिनियम स्वतःचं इन्फ्रारेड फार कमी सोडतं आणि आजूबाजूचंच जास्त परावर्तित करतं, आकडा खूप कमी येतो.

आता आटे. बसवण्याच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बाजारातले सेन्सर बहुतेक एम१० बाय १.० किंवा एक अष्टमांश एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे) आट्यांचे येतात. एम१० ची जाडी १० मिलिमीटर आणि आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. एनपीटीची जाडी साधारण १०.३ मिलिमीटर, एका इंचात २७ आटे, म्हणजे अंतर ०.९४ मिलिमीटर. डोळ्याला फरक कळत नाही. हाताने एक-दोन फेरे जातात, मग जड लागायला लागतं, आपल्याला वाटतं पाना लावला की बसेल, आणि तिथे अॅल्युमिनियमचे आटे सोलले जातात. वर एनपीटी निमुळता असतो, जितका आत जाईल तितका पाचरीसारखा ताणतो, पातळ कव्हरला तडासुद्धा जातो. म्हणून पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी थ्रेड गेज (आट्यांचं माप घ्यायची दातेरी पट्टी) लावून बघा, नाहीतर लेथवाल्याला दाखवा, त्याला क्षणात कळतं. ड्रेन बोल्टचंही तेच, एम१४ बाय १.५ आणि एम१४ बाय १.२५ शेजारी ठेवले तरी सारखेच दिसतात. वायसर दर वेळी नवीन टाका, आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो.

वायरिंग तसं सोपं आहे. डिजिटल मीटरच्या सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो, तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. असं उलटं वागणारे पदार्थ असतात हे मायकल फॅरडेला १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना दिसलं होतं. नेहमीचा १० किलोओहमचा थर्मिस्टर घेतला तर २५ अंशाला १०,००० ओहम, ५० ला साधारण ३,६००, १०० ला ७०० आणि १२० ला जेमतेम ४०० ओहम. मीटर हा रेझिस्टन्स मोजून अंश दाखवतो. एकाच वायरच्या सेन्सरला अर्थ (अर्थिंग, करंट परत जायची वाट) इंजिनच्या बॉडीतून मिळतो, आणि इथे टेफलॉन टेप भरपूर गुंडाळली तर अर्थच तुटतो किंवा कच्चा होतो. कच्च्या अर्थमुळे मधे जादा रेझिस्टन्स येतो, मीटरला वाटतं ऑइल थंड आहे, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या दिशेने होते. म्हणून शक्यतो दोन वायरचा सेन्सर घ्या. सप्लाय चावीनंतरच्या लाइनवरून, मधे एक-दोन अँपिअरचा फ्यूज, जोडाला सोल्डर किंवा नीट क्रिंप आणि वर हीट श्रिंक, आणि वायर सायलेन्सरच्या बेंडपासून लांब टाकीखालून न्या, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ताण येत नाही ना ते बघा. मीटर आणि सेन्सर एकाच सेटचे ठेवा, वेगळ्या कंपनीचा सेन्सर लावला तर थर्मिस्टरचं गणित जुळत नाही आणि आकडा चुकीचा येतो.

बसवण्याआधी सेन्सर तपासायचा राहू देऊ नका. मीटरला बाहेरूनच बारा व्होल्ट द्या, सेन्सरचं टोक आधी बर्फाच्या पाण्यात, मग गॅसवरच्या उकळत्या पाण्यात धरा, भांड्याच्या बुडाला न टेकवता. मुंबईत १०० दिसलं पाहिजे, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६, कारण उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं. पुण्यात ९८ दाखवणारा सेन्सर चुकीचा समजून परत करायला निघालेले लोक असतात, तो बरोबरच असतो. एक-दोन अंशांचा फरक सोडून द्या, पाचच्या वर असेल तर बदलून घ्या.

आता गाडी चालवताना काय दिसतं. ऑइल आळशी असतं, आकडा सावकाश हलतो. एक किलो ऑइल एक अंशाने तापवायला साधारण दोन किलोज्यूल लागतात, वर आजूबाजूचं सगळं धातू. त्यामुळे घाट सुरू झाल्या झाल्या काही होत नाही, पाच-सात मिनिटांनी आकडा चढायला लागतो आणि माथ्यावर पोचून गाडी थांबवली तरी लगेच उतरत नाही. थंड सुरुवातीपासून पूर्ण तापायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, तोवर जोरात रेस करू नका, कारण तेव्हा ऑइल घट्ट असतं आणि वर हेडपर्यंत पोचायला वेळ घेतं. खाली साठलेल्या ऑइलचा आकडा धरला तर ८० ते ११० ही रोजची रेंज, ११० ते १२५ घाटात, ट्रॅफिकमध्ये किंवा उन्हाळ्यात लांब हायवेवर होणारच. बाहेरची हवा २० अंशांनी गरम झाली की ऑइलही साधारण तेवढंच वर सरकतं, त्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्यातला १२० आणि नाशिकच्या जानेवारीतला १२० यांचा अर्थ एक नाही, नाशिकला जानेवारीत एवढं दिसलं तर मात्र तपासायला हवं. ऑइल लेव्हल कमी आहे का, फिन्समध्ये चिखल भरलाय का, मिश्रण लीन झालंय (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय) का, ब्रेक घासत राहतोय का, या क्रमाने बघा.

१३० च्या वर सतत राहिलं तर वेग आणि भार कमी करा, आणि १४० दिसलं तर सावलीत थांबा. ट्रॅफिकमध्ये उभ्याउभ्या इंजिन चालू ठेवून ते थंड होईल अशी आशा करू नका, फिन्सना हवाच मिळत नाही. त्यापेक्षा समोर मोकळा रस्ता असेल तर एक गियर वर टाकून, इंजिन न कण्हता पन्नास-साठच्या वेगाने शांत चालवत राहिलं तर वारा लागून आकडा जास्त लवकर उतरतो. रस्ता मोकळा नसेल तर सरळ इंजिन बंद करा आणि ९० पर्यंत आकडा येईस्तोवर थांबा, चावी फक्त ऑन ठेवली की मीटर चालू राहतं, पण हेडलाइट मात्र बंद ठेवा नाहीतर बॅटरी उतरेल.